तीन मिलीमीटरची माया

छापखान्यात पहिल्यांदा काम घेऊन जाणाऱ्याला वाटतं, आपल्याला मजकुराबद्दल विचारतील. कुणी विचारत नाही. साइझ काय, पानं किती, प्रती किती, कागद कुठला, आतला भाग एकरंगी की चाररंगी, बांधणी कशी, कव्हरला लॅमिनेशन मॅट की ग्लॉस, एवढं झालं की समोरचा माणूस कॅल्क्युलेटर ओढतो. महिनोनमहिने खपून तयार केलेलं काहीतरी बगलेत धरून तुम्ही उभे असता आणि त्या सगळ्या प्रश्नांत त्यातला एक शब्दही नसतो. मला हे आधी फार कोरडं वाटायचं. आता वाटतं, मजकुराचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. त्याचं वजन, जाडी आणि उघडमीट यांची चौकशी करणारा एवढा एकच.

अहवाल, स्मरणिका, माहितीपत्रकं, अधूनमधून एखादं पुस्तक अशी कामं प्रेसकडे पोचवणं आणि तिथून सोडवून आणणं हा माझ्या नोकरीचा बराच मोठा भाग आहे. ब्लीड, गटर, क्रीप, डॉट गेन, ओव्हरप्रिंट, ग्रेन हे शब्द कानावर पडत पडतच शिकले. गिऱ्हाइकाला गप्प करायला ठेवलेली ही भाषा असावी, अशी मला बरेच दिवस शंका होती. पण मशीनपाशी उभं राहायची सवय लागली तसं वेगळंच दिसायला लागलं. कागद, शाई किंवा पातं जिथे जिथे माणसाचं ऐकत नाही, तिथे तिथे या धंद्याने एकेक शब्द रोवून ठेवलाय. शब्द कळला म्हणजे व्याख्या पाठ झाली असं नाही. इथे काय हलतं आणि किती हलतं, हे कळलं पाहिजे.

ब्लीडचंच घ्या. पानाच्या कडेपर्यंत रंग हवा असेल तर तो कडेच्या बाहेर तीन मिलीमीटर पसरून ठेवा, असं जवळपास प्रत्येक प्रेस सांगतं. कशाला, ते कटिंग मशीन बघितल्याशिवाय उमगत नाही. छापलेले कागद एकेक करून कापत नाहीत. चांगला वीतभर गठ्ठा ठोकून ठोकून सारखा करतात, पात्याखाली सरकवतात, वरून जड पट्टी दाबून बसते, मधली हवा फुस्सकन निघते आणि मग पातं तिरकं सरकत खाली येतं. त्या दाबात गठ्ठ्यातले कागद किंचित हलतात, वरचा कागद आणि खालचा कागद अगदी एकाच रेषेत कापला जात नाही. त्याआधी छापताना कागद केसभर इकडेतिकडे गेलेला असतो, घडी घालताना आणखी केसभर. कापणाऱ्याचा हात कितीही बसलेला असो, ही बेरीज शून्य होत नाही. म्हणून शिंपी शिवणीत माया सोडतो तशी इथे रंगाची माया सोडायची. कापून फेकायचं हे ठाऊक असूनच ती छापायची. नाही सोडली तर काही प्रतींना कडेला पांढरी चीर दिसते, आणि ती नेमकी मुख्य पाहुण्यांच्या हातातल्या प्रतीत असते.

आतल्या बाजूचंही तेच. कडेपासून तीन मिलीमीटर आत बारीक सोनेरी चौकट हवी, असा आग्रह धरणारे लोक मला नेहमी भेटतात. एक मिलीमीटरचा फरक पडला तर ती चौकट एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला चार मिलीमीटरवर येते. दुप्पट! कुणालाही लांबून दिसतं. तीच चौकट दहा मिलीमीटर आत घेतली तर नऊ आणि अकरा होतात, आणि कोणाच्या बापाला कळत नाही. हे गणित कागदावर मांडून दाखवलं की आग्रह आपोआप सुटतो. ‘प्रेसवाले नाही म्हणतात’ असं सांगून मात्र कधीच सुटत नाही.

रंगावरून होणारी भांडणं याहून वाईट. पडद्यावर जे दिसतं तो उजेड असतो. लाल, हिरवा आणि निळा प्रकाश थेट डोळ्यात येतो. कागदाला स्वतःचा उजेड नाही. त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग शाई गिळते आणि उरलेला परत येतो. पडद्यावरचा तो विजेसारखा निळा सायन, मजेंटा, पिवळी आणि काळी या चार शायांतून निघूच शकत नाही; निघतो तो जरा जांभळट, जरा मळका. झगझगीत हिरवा आणि भडक केशरी यांचीही हीच गत. संगणकावर फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे याच चार शायांच्या हिशेबात, बदलली की रंग ‘बसतात’, आणि लोक सॉफ्टवेअरला शिव्या घालतात. खरं तर त्याने कागदाची ऐपत आधीच सांगितलेली असते.

छापलेल्या कुठल्याही रंगीत फोटोवर एकदा भिंग धरून बघाच. चांगलं दहा पट मोठं दाखवणारं. चेहऱ्याचा गाल म्हणून जे दिसत होतं तिथे मजेंटाचे आणि पिवळे ठिपके, त्यांच्यात तुरळक सायन, आणि मधून मधून कोरा कागद. फिकट शाई कुठेच नाही. ऑफसेटमध्ये शाई एकतर असते किंवा नसते. फिकेपणा हा ठिपका लहान करून मिळवायचा. आता चार रंगांच्या ठिपक्यांच्या चार जाळ्या एकमेकींवर सरळ ठेवल्या तर डोळ्याला लाटांची भलतीच नक्षी दिसते, म्हणून प्रत्येक जाळी वेगळ्या कोनात फिरवतात. सायन १५ अंशांवर, मजेंटा ७५, काळा ४५ आणि पिवळा ०, अशी जुनी रूढ मांडणी. आडव्या-उभ्या रेषा डोळ्याला चटकन टोचतात, तिरक्या कमी. म्हणून सगळ्यांत ठळक असलेला काळा तिरका घातला, आणि पिवळा तसाही कुणाच्या नजरेत भरत नाही म्हणून त्याला उरलेली सरळ जागा दिली. मला हा न्याय फार आवडतो. कोन बरोबर लागले की भिंगाखाली ठिपक्यांची बारीक बारीक फुलं दिसतात. छापील अंकातून कापलेला फोटो स्कॅन करून पुन्हा छापू नका, असं सांगतात तेही याचसाठी. त्यात आधीच एक जाळी असते, तिच्यावर दुसरी पडते, आणि पूर्वाध्यक्षांच्या कोटावर चटईची वीण उमटते.

‘फोटो ३०० डीपीआयचा द्या’, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल द्या, या वाक्याचंही मूळ या जाळीत आहे. चांगल्या कागदावर एका इंचात ठिपक्यांच्या साधारण १५० ते १७५ ओळी असतात आणि फोटोत त्याच्या सुमारे दुप्पट माहिती असली की चित्र स्वच्छ येतं. म्हणजे १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो चार इंच रुंद छापा, खुशाल. मोबाइलवरून चार जणांकडून फिरत आलेला फोटो पूर्ण पानावर हवा असेल तर सॉफ्टवेअरच्या चौकटीत ७२ खोडून ३०० लिहिल्याने काही होत नाही. आकडा बदलतो, गाल तसाच धुरकट राहतो.

ठिपक्यांची आणखी एक खोड म्हणजे ते फुगतात. प्लेटवर, म्हणजे ज्या पत्र्यावरून छापतात त्याच्यावर, ५० टक्के असलेला ठिपका कागदावर शाई दाबली गेल्यावर ६५ टक्क्यांच्या आसपास दिसतो. हाच डॉट गेन. अनकोटेड, म्हणजे वर गुळगुळीत थर नसलेला कागद शाई जास्त पितो, तिथे फुगवटाही जास्त. प्रेसला हे माहीत असतं, प्लेट बनवतानाच ते ठिपके आधीच थोडे बारीक करून घेतात. पण हा हिशेब एका ठरलेल्या कागदासाठी असतो. एकदा एका प्रेसने ठरलेला कागद संपला म्हणून न विचारता दुसरा चढवला. पांढराच होता, वजनही तेवढंच. अहवालातले सगळे फोटो अर्धा तास उशिरा, दिवेलागणीला काढल्यासारखे आले. ‘मॅडम, जीएसएम सेम आहे’ हे त्यांचं उत्तर खोटं नव्हतं, आणि त्याचा काही उपयोगही नव्हता.

काळ्याबद्दल मी जरा जास्तच बोलते, हे मला माहीत आहे. पण देवनागरी छापणाऱ्याने बोललंच पाहिजे. मजकूर फक्त काळ्या शाईत हवा, चार शायांच्या मिश्रणातून बनवलेल्या काळ्यात नको. कारण चार प्लेटा एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत. मिलीमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढं रजिस्टर हललं तरी बारीक अक्षरांना रंगीत सावली येते. उलट मोठा काळा पट्टा हवा असेल तर नुसती काळी शाई करडी, उपाशी वाटते. तिथे तिच्याखाली थोडा सायन आणि बाकीचे रंग घालून ती भरतात. पण चारही रंग शंभर-शंभर टक्के करून ४०० टक्के शाई ओतायची नाही. बहुतेक प्रेस ३०० टक्क्यांच्या आसपास थांबायला सांगतात. त्याहून जास्त शाई वाळत नाही, आणि वर पडलेल्या पुढच्या कागदाच्या पाठीला लागते. सगळ्यांत धोक्याचं म्हणजे अशा भरलेल्या काळ्यावर पांढरी बारीक अक्षरं. रोमन लिपीत आयच्या टिंबावर भागतं. आपल्याकडे अनुस्वार, रफार, मात्रा, वेलांटी, सगळं शिरोरेषेच्या वर दाटीवाटीने बसलेलं. सात पॉइंटच्या अक्षरातला अनुस्वार म्हणजे कागदाने केलेलं सुईएवढं भोक. बाजूची कुठलीही शाई जरा सरकली की ते बुजतं आणि ‘मंद प्रकाश’चा ‘मद प्रकाश’ होतो. मुद्रितशोधकाने वाचलेल्या प्रुफात तो अनुस्वार असतो. म्हणून डिझायनर काळ्यावर पांढरं दाखवायला लागला की मी अक्षर दोन पॉइंट मोठं आणि जाड मागते. त्याला ते खेडवळ दिसतं. दिसू दे.

फॉन्टचं थोडक्यात. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की मजकुराची रद्दी होते, आणि युनिकोड असूनही काही सॉफ्टवेअरमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. फॉन्ट आत बांधलेली पीडीएफ द्यावी आणि दिलेल्या त्याच पीडीएफमध्ये जोडाक्षरं पुन्हा वाचावीत. संगणकावरच्या मूळ फाइलमध्ये नव्हे.

कोटेशनकडे येते. पाचशे प्रतींचा दर आणि हजार प्रतींचा दर यांत दुपटीचा फरक का नसतो, हे ऑफसेट कसं चालतं ते कळल्यावर समजतं. तेल आणि पाणी मिसळत नाहीत, एवढ्याच गोष्टीवर आलोइस झेनेफेल्डरने १७९६ च्या सुमारास बव्हेरियात सपाट दगडावरून छापायची युक्ती काढली. आजच्या ॲल्युमिनियमच्या प्लेटवरही तीच युक्ती चालते. जिथे चित्र आहे तिथे शाई बसते, बाकी ठिकाणी पाणी तिला अडवतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आयरा रुबेल यांच्या लक्षात आलं, की मशीनमध्ये कागद जायचा राहिला तर चित्र रबरावर उमटतं आणि त्या रबरावरून पुढच्या कागदावर येणारं चित्र थेट छापलेल्यापेक्षा सुबक असतं. रबर कागदाच्या खडबडीतपणाशी जुळवून घेतं. आज त्या रबराला ब्लँकेट म्हणतात. प्लेटवरचं अक्षर सुलटं असतं, ब्लँकेटवर उलटं होतं, कागदावर पुन्हा सुलटं. हे सगळं जुळवायला, म्हणजे शाई-पाण्याचा तोल साधायला आणि चार रंग एकमेकांवर आणायला, सुरुवातीचे पुष्कळ कागद वाया जातात. प्लेटा, जुळणी आणि हे वेस्टेज यांचा खर्च एक प्रत छापा की दहा हजार, तेवढाच. नंतर वाढतो तो कागद, थोडी शाई आणि बांधणी. डिजिटलमध्ये प्लेटच नाही, म्हणून शंभर प्रतींना ते परवडतं आणि हजारोंना नाही. दोघांच्या रेषा कुठेतरी एकमेकींना छेदतात. म्हणून मी दर मागताना तीन वेगवेगळ्या संख्यांचे मागते. त्या तीन आकड्यांत प्रेसने काम कुठल्या मशीनवर धरलंय, ते न सांगता कळतं.

पानांची संख्या हा लेखकाचा प्रश्न आहे, असं लेखकाला वाटतं. एक कागद घ्या आणि एकावर एक तीन घड्या घाला. आठ पत्रं झाली, म्हणजे सोळा पानं. न उघडता कोपऱ्यात १ ते १६ आकडे टाका आणि मग कागद सोडवा. एका बाजूला १, ४, ५, ८, ९, १२, १३, १६ आणि पाठीला बाकीची आठ. निम्मे आकडे डोक्यावर उभे, आणि पुस्तकाच्या कण्याच्या घडीला लागून असलेल्या दोन पानांची बेरीज दर वेळी १७. हा एक फर्मा. मोठा कागद पाठपोट छापून, घड्या घालून, तीन बाजूंनी कापला की पुस्तकाचा सोळा पानांचा तुकडा तयार. हे एकदा हाताने केलं की बऱ्याच गोष्टी कुणाला विचाराव्या लागत नाहीत. १६० पानांचं पुस्तक दहा फर्म्यांत बसतं आणि १६३ पानांचं पुस्तक तीन पानांसाठी आणखी एक तुकडा मागतं. रंगीत फोटो फक्त काही पानांवर हवे असतील तर ते २, ५ आणि १० वर विखुरण्यापेक्षा कागदाच्या एका बाजूला येतील असे ५, ८, ९ वर घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंना चार-चार प्लेटांचा खर्च पडत नाही. लेखकाला हे सांगितलं की आधी तो दुखावतो. मग पुढच्या पुस्तकाच्या वेळी स्वतःच कागदाला घड्या घालून घेऊन येतो.

मधोमध पिना मारलेल्या पुस्तिकेत हेच कागद एकात एक बसतात, तेव्हा आतली पानं बाहेर डोकावतात आणि कापल्यावर बाहेरच्यांपेक्षा अरुंद होतात. पानं जास्त आणि कागद जाड असला की हा क्रीप डोळ्यांना दिसतो. पानाचा आकडा कडेकडे सरकत जातो. गोंदाच्या बांधणीत वेगळी कटकट. तिथे पुस्तक सपाट उघडत नाही, म्हणून दोन पानांवर पसरलेल्या समूहछायाचित्रात मधोमध उभा असलेला माणूस गटरमध्ये, म्हणजे दोन पानांमधल्या खोबणीत, गडप होतो. आणि समूहछायाचित्रात मधोमध कोण उभं असतं, ते सांगायला नको.

कागदाबद्दल बोलताना जीएसएम हा शब्द सगळे वापरतात, आणि बहुतेकांच्या मनात त्याचा अर्थ जाडी असा असतो. ते एका चौरस मीटरचं वजन आहे. ए-झिरो आकाराचा कागद एक चौरस मीटरचा, ए-फोर त्याचा सोळावा भाग. म्हणून ८० जीएसएमचा ए-फोर कागद पाच ग्रॅमचा. ए-फाइव्ह आकाराचं २०० पानी पुस्तक त्या कागदावर काढलं तर आतला मजकूर पाव किलो भरतो. टपालखर्च काढायला तराजू लागत नाही. जाडी मात्र वेगळीच. आर्ट पेपरवर खनिजांचा गुळगुळीत थर असतो, तो जड आणि पातळ. मॅपलिथोसारखा साधा कागद त्याच वजनात फुगीर लागतो. पुस्तकाचा कणा किती रुंद धरायचा, ते वजनावरून ठरवू नये. ठरलेल्या कागदाची कोरी डमी बांधून मागवावी आणि मोजावी. प्रेसवाले कुरकुर करत का होईना, देतात.

ग्रेन मला सगळ्यांत उशिरा कळलं, आणि आता हातात आलेला कुठलाही कागद मी आधी फाडून बघते. एका दिशेने तो सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेने वेडावाकडा. कागद बनताना तंतू एका दिशेला झोपतात. ओल लागली की ते लांबीत जवळपास वाढत नाहीत, रुंदीत फुगतात. ग्रेन कण्याला समांतर असलं तर पानं लवचीक उलटतात. आडवं असलं तर पुस्तक उघडं राहायला नकार देतं आणि कण्याजवळ पानांना लाटा येतात. जाड कार्डाची घडी ग्रेनच्या आडवी पडली तर वरची शाई तडकून पांढरी रेघ दिसते. तिथे आधी क्रीजिंग, म्हणजे घडीच्या रेषेवर दाबून खाच, करून घ्यावं लागतं.

प्रुफाच्या वेळी लोक शुद्धलेखन तपासतात. ते तोवर झालेलं असायला हवं. प्रुफात बघायचं ते पानांचा क्रम, घडी, कटिंगच्या खुणा आणि रंग. तो रंगही ५००० केल्व्हिनच्या पांढऱ्या दिव्याखाली, नाहीतर निदान खिडकीपाशी दिवसाउजेडी. पिवळ्या बल्बखाली पास केलेला करडा बाहेर आल्यावर हिरवट निघू शकतो. ‘जरा उठाव आणा’, ‘थोडं फ्रेश करा’ असलं काही मशीनमनला सांगू नये. तो बिचारा शाईच्या किल्ल्या पिळण्यापलीकडे काय करणार? ‘या साडीत मजेंटा कमी करा’ म्हटलेलं त्याला कळतं. तेही जमत नसेल तर नमुना पुढे ठेवून ‘याच्यासारखा’ म्हणावं. संस्थेच्या बोधचिन्हाचा रंग दर वेळी तोच हवा असेल तर चार शायांच्या भरवशावर राहू नये. १९६३ पासून पॅन्टोनचं नमुन्यांचं पुस्तक यासाठीच आहे. क्रमांक सांगायचा, तेवढी शाई वेगळी कालवून घ्यायची. त्या क्रमांकापुढे सी आहे की यू, तेही सांगायचं. शाई एकच असते, पण कोटेड आणि अनकोटेड कागदावर ती दोन वेगळ्या रंगांची दिसते. परिभाषा वापरायची म्हणून वापरणारे मात्र प्रेसवाल्यांना लगेच ओळखू येतात. मला काय हवंय आणि ते कशासाठी हवंय, एवढं साध्या मराठीत सांगितलं तर ब्लीड-बिड ते स्वतः बघून घेतात.

माल आला की वरची प्रत बघून सही करू नये. वरची प्रत नेहमी चांगलीच असते. दोन-तीन गठ्ठे सोडून मधल्या प्रती काढाव्यात, पुस्तक मध्यावर उघडून एखादं पान हलकेच ओढून बघावं, कव्हरवर नखाने लॅमिनेशन सुटतंय का पाहावं. आणि मनासारखी छापलेली एक प्रत बाजूला काढून लिफाफ्यात, कपाटात ठेवावी. भिंतीवर नाही. उन्हात पिवळी आणि मजेंटा आधी उडतात, म्हणूनच काचेमागची जुनी पोस्टरं निळी पडलेली दिसतात. पुनर्मुद्रणाला जाताना तीच प्रत मशीनमनच्या टेबलावर ठेवायची आणि प्लेट चढवण्याआधी विचारून घ्यायचं, कागद तोच आहे ना?